गाडीत सांगीन

वर्ग गप्प बसावा म्हणून मी एकतीस वर्षं घसा फोडला. वर्ग काही बसला नाही. पण एक अख्खी मोटरगाडी गप्प बसावी म्हणून तीन वर्षं झिजलेला माणूस मी शेजारी राहून पाहिला, आणि ती गाडी खरोखर गप्प बसली. बसली म्हणजे किती, तर शेजारच्या सीटवर कुणी सुस्कारा सोडला तरी ऐकू यावा इतकी. त्या माणसाबद्दल कुणी विचारलं की मी हसून वेळ मारून नेते. आज नेणार नाही.

दयाराम पुस्तोडे त्यांचं नाव. अर्जुनी मोरगावात लहानथोर सगळे काकाजी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. नव्व्याण्णव साली माझी तिथल्या शाळेत बदली झाली. त्याच वर्षी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्यामुळे मी मूळची भंडाऱ्याची बाई बसल्या जागी परजिल्ह्यातली झाले. गणित शिकवणारी, लग्न न केलेली, तोंडानं फटकळ. अशा बाईला खोली द्यायची तर लोक दहा प्रश्न विचारतात. काकाजींनी एकच विचारला. आपल्या आवाराच्या कडेच्या खोलीचं दार बोटाच्या पेरानं वाजवलं, कान लावला आणि म्हणाले, "दरवाजा पोकळ हाये, मॅडम. तुमचा रेडिओ आमाले आयकू येईन. चालन ना?"

मी म्हटलं, माझ्याकडे रेडिओ नाही.

"मंग तं अजूनच पोकळ," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

ते पेर वाजवणं ही त्यांची सवयच होती. माठ, पपई, भिंत, माझं लोखंडी कपाट, समोर येईल त्यावर टकटक करायचे आणि डावा कान पुढे करून ऐकायचे. उजवा कान कामातून गेलेला. तीस वर्षं भाड्याची गाडी चालवली ती उजवी खिडकी उघडी टाकून, तेव्हा वारा आणि ट्रकांचे हॉर्न सगळे त्या कानात गेले. त्यामुळे बोलताना मान कायम तिरपी. मला आधी वाटलं, यांची मान अवघडलीय. मग वाटलं, माणूस शिष्ट आहे. दोन्ही चूक निघालं.

गाडी होती लँडमास्टर. अँबॅसिडरच्या आधी निघायची ती, गोल पाठीची, दह्याच्या रंगाची. एका तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराच्या आवारात ती पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. काकाजींनी तिथून ती ओढून आणून चालती केली. अर्जुनीतल्या निम्म्या नवऱ्या त्या गाडीतून सासरी गेल्या आणि निम्मे म्हातारे त्याच गाडीतून गोंदियाच्या दवाखान्यात. आवाज असा, की नवेगावच्या जंगलातून गाडी निघाल्याचं कळलं की इकडे चहाचं आधण ठेवावं. पत्रा वाजायचा, दारं वाजायची, खालून रस्ता वाजायचा. आणि उकाडा! इंजिनाची धग पायाशी असलेल्या फटींतून आत यायची. काकाजींच्या चपलेचा तळ एकदा ब्रेकला चिकटला होता. मे महिन्यात मागच्या सीटवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं.

त्यांच्या बायकोचं नाव कौतिका. ठेंगणी, गोरटेली, हसरी बाई. मी त्यांना काकू म्हणायचे. कुंपणापलीकडून हाक मारली तर माझ्या हातातला खडू पडावा असा काकूंचा आवाज. पण घरात त्या नवऱ्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं हो! जुन्या घरातली रीत. सासू, जाऊ, भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, सगळे एका अंगणात राहायचे, आणि मोठ्यांच्या देखत नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही. खोल्यांच्या भिंती कुडाच्या. खोकलं तरी पलीकडे कळायचं. मी राहायला गेले तेव्हा सासू वारली होती, भाऊ वेगळा होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता, घरात ही दोघंच. तरी सवय सुटली नव्हती. काकाजींनी अंगणातून काही विचारलं की काकू चुलीपाशी बसून एवढंच म्हणायच्या, "गाडीत सांगीन."

आणि खरंच गाडीत सांगायच्या. गोंदियाला निघताना काकू मागच्या सीटवर बसायच्या, डोक्यावर पदर घेऊन. गावाबाहेरचं रेल्वेचं फाटक ओलांडलं की काकाजी गाडी थांबवायचे आणि वाकून डावीकडचं पुढचं दार उघडायचे. काकू मागून उतरायच्या, लुगडं सावरायच्या, पुढे येऊन बसायच्या. दार लागलं की तोंड सुरू. इंजिनाच्या वर आवाज चढवून गोंदियापर्यंत. परत येताना फाटकाच्या अलीकडे पुन्हा उतरून मागे. सासू गेली, भासरा गेला, पण फाटकापाशी जागा बदलणं काही गेलं नाही.

एकदा आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो तेव्हा काकूंनी मला एक गोष्ट सांगितली. इतक्या सहज, की मला ती नीट कळायला संध्याकाळ झाली.

"लेकरू होत नव्हतं, मॅडम. सासू म्हने, गोंदियाले नेऊन दाखव. दुसऱ्याच वर्षी डाक्टरीनबाईनं सांगतलं, का होनार नाही. आमी घरी सांगतलंच नाही."

"मग काय केलं?"

"काय करतो! बारा वर्सं दवाखाना केला." काकू हसायला लागल्या. "मयन्यातून दोनदा. दवाखान्यासमोर गाडी लावाची, भजे खायाचे, परत याचं. सासूले वाटे, सून कडू औषध घेऊन राहिली. भासरे म्हनत, बिचारी."

"आणि बोलायचात काय एवढं?"

"कायी नाही जी. कोनाची म्हैस व्याली, कोनाच्या धानाचं रोवनं झालं. घरातलंच. पर घरात नव्हतं ना बोलता येत!"

हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि सूप पुन्हा हातात घेतलं. होणार नाही हे कळलं त्या दिवशी परतीच्या वाटेवर ती दोघं काय बोलली असतील, हे मी विचारलं नाही. माझ्यासारख्या फटकळ बाईलाही काही ठिकाणी गप्प बसता येतं.

मी येऊन चारेक वर्षं झाली असतील. काकूंचा घसा बसला तो उठेचना. नागपूरला नेलं, गाठ निघाली, ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, म्हणून मी शाळेतून एक पाटी आणून दिली. घरात कामापुरतं काकाजी समोर बसून ओठ पाहायचे, पाटी वाचायचे, निभायचं. पण गाडीत कसं निभणार? गाडीत नजर रस्त्यावर.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा दोघं तपासणीसाठी गोंदियाला निघाली. फाटकापुढे काकू पुढे येऊन बसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. काकाजींनी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. "का म्हनलीस?" काकूंनी पुन्हा सांगितलं. बरं, म्हणून गाडी सुरू. दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. दोन-अडीच तासांच्या रस्त्याला साडेपाच तास लागले आणि डॉक्टर उठून गेले. परत येताना काकू बोलल्याच नाहीत. पाटीवर लिहिलं, "राहू द्या आता."

त्या संध्याकाळी माझ्या दारावर टकटक झालं. काकाजी उभे, मान तिरपी.

"मॅडम, गाडी गप करा लागन."

"म्हणजे?"

"मले तिचं आयकू आलं पायजे. बस."

मी हिशेबी बाई. म्हटलं, "काकाजी, नवीच घ्या ना. तुमचा पुतण्या म्हणत होता एसीवाली घ्या म्हणून. तिच्यात आवाजही नाही, उकाडाही नाही."

"नव्या गाडीत तिले बोलाची सवय नाही," ते म्हणाले.

काकाजी जातीनं कोहळी. आमच्याकडचे तलाव ज्यांच्या वाडवडलांनी बांधले ते हे लोक. त्यांचे वडील पावसाळ्यात तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अनवाणी चालायचे आणि तळव्याला कुठं गार लागतं त्यावरून पाझर हेरायचे. मुलानं ड्रायव्हरकी धरली, पण डोकं पाळ बांधणाऱ्याचंच राहिलं. "आवाज म्हंजे पानीच, मॅडम," ते म्हणाले. "वाट भेटली का येतेच. आधी भोक पाहा लागते."

भोकं पाहायची कशी? तर भर दुपारी गाडी गुरांच्या रिकाम्या कोठ्यात घातली, कोठ्याच्या दाराला पोत्यांचे पडदे लावले, आणि मला दोनशेच्या पेटत्या बल्बसकट गाडीत कोंडलं. बाहेर काळोख, त्यात काकाजी गाडीभोवती रांगताहेत, आणि जिथून उजेड बाहेर येतो तिथं खडूची खूण करताहेत. खडूसुद्धा माझाच. आत मी घामानं निथळतेय आणि बाहेरून ऐकू येतंय, "हे एक. हे दोन." एक्केचाळीसवर थांबले. "मॅडम, हे गाडी नाही, चाळनी हाये."

मग काम सुरू झालं. पत्रा वाजू नये म्हणून आतून डांबरी पट्ट्या, स्टोव्हवर शेकून मऊ केलेल्या आणि काकूंच्या लाटण्यानं दाबून बसवलेल्या. ते लाटणं पुन्हा पोळपाटावर आलं नाही. पट्ट्यांवर नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेला जाड कपडा, त्याचे दोन थर. त्यावर गिरणीतल्या पोत्यांचा धुतलेला बारदाना. इंजिन आणि पाय यांच्यामधल्या भिंतीतून तारा आणि दांडे आत येतात, त्या फटींत उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाच्या गिरणीच्या भट्टीला लावतात ती न जळणारी दोरी ठासून भरली. धग अर्ध्यावर आली. दारांना रबराची पट्टी लावली गोंदियाच्या एका सीटवाल्यानं. तो म्हणाला, "काका, इसको इतना चुप कराओगे तो हॉर्न भी शरमाएगा." मी हसले. काकाजी नाही हसले. या कामात ते हसत नसत.

दर रविवारी परीक्षा. मी पुढच्या डाव्या सीटवर बसून कुजबुजत पाढा म्हणायचा आणि काकाजींनी गाडी चालवत, रस्त्यावरची नजर न काढता, तो मोठ्यानं परत म्हणायचा. काकूंना उगाच दमवायला नको म्हणून त्यांच्या जागी मी. आणि पाढेच का, तर दुसरं काही बोललं की माणूस अंदाजानं ओळखतो. मी एकोणतीसचा घ्यायचे आणि मधेच सत्तावीसवर उडी मारायचे. शेतातले लोक रोवणं थांबवून बघायचे, शाळेची मॅडम नुसते ओठ हलवतेय आणि काकाजी रिकाम्या रस्त्यावर ओरडताहेत, "एकशे चौऱ्याहत्तर!" पहिल्या रविवारी मी त्यांना शंभरात चार गुण दिले.

गावात माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं असेल, ठाऊक आहे मला. एका सहकाऱ्यानं तर शिक्षकांच्या खोलीत तोंडावर विचारलं, मॅडम, दर रविवारी कुठं फिरायला जाता म्हणून. मी त्याला म्हटलं, या की तुम्हीही, एकोणतीसचा पाढा येतो का? पुन्हा विचारलं नाही त्यानं.

चूक झाली ती तिसऱ्या पावसाळ्यात, आणि कोहळ्याच्या पोरानंच करावी अशी. गाडीच्या तळाला आणि दारांच्या खालच्या कडेला मुळातच बारीक भोकं ठेवलेली असतात, आत शिरलेलं पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. काकाजींनी ती पाहिली आणि तलावाची पाळ फुटल्यासारखे तुटून पडले. एकूणएक भोक डांबरानं बुजवलं. सीटवाला सांगत होता, "काका, ये छेद रहने दो." काकाजी म्हणाले, भोक ते भोक.

श्रावणात आम्ही तिघं तपासणीहून परत येत होतो. वरून पाऊस नुसता ओतत होता. दारांच्या आत काहीतरी खळखळायला लागलं. नमदा पाणी पिऊन पिऊन फुगला, मग त्याचंही पोट भरलं. कोहमाऱ्याच्या चौकात गाय आडवी आली, काकाजींनी ब्रेक दाबला, आणि मागच्या सीटखालून एक लाट उठून पुढे काकूंच्या पायांवर आली. घोट्यापर्यंत पाणी! मी किंचाळले. काकूंनी पाय वर घेतले, खाली पाहिलं, आणि हसायला लागल्या. आवाज नाही, नुसते खांदे गदगदताहेत, डोळ्यांतून पाणी. पाटी मांडीवर घेऊन लिहिलं, "तळं झालं. सिंगाडे लावा."

काकाजी उतरून पावसात मैलाच्या दगडावर बसले. "माह्या बापानं पाह्यलं असतं तं झोडपलं असतं मले. पाळ बांधाची आन पानी सोडाले जागा ठेवाची नाही, असं कोनी कोहळी करते का, मॅडम?" दोन वर्षांचं काम कुजलं. तळाचा पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. काकाजींनी सगळं उपसून काढलं, नमदे कुंपणावर वाळत टाकले. तळ नव्यानं जोडून घेतला. बुजवलेली भोकं उघडली आणि प्रत्येकाला बाहेरून रबराची एक जीभ लावली. पाणी बाहेर जाईल, आवाज आत येणार नाही. तलावातून पाणी सोडायच्या जागेला आमच्याकडे तुडुम म्हणतात. काकाजी त्या भोकांनाही तुडुमच म्हणायला लागले.

त्याच सुमारास डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, गाठ पुन्हा दिसतेय आणि आता कापण्यासारखी नाही. किती दिवस, विचारलं तर त्यांनी हात हलवला. हे काकाजींना सांगायचं माझ्याकडे आलं. मी सरळ सांगितलं, मला आडवळणानं येत नाही. त्यांनी गाडीच्या छपरावर दोनदा पेर वाजवलं आणि कान लावला.

"अजून बोलते," ते म्हणाले. छपराबद्दल म्हणत होते.

छपराचं काम म्हणजे उकाड्याचं काम. शांतता हवी तर काचा बंद हव्यात, आणि काचा बंद केल्या की आत भट्टी. काकूंना आधीच श्वास पुरत नव्हता. काकाजींनी छपराला आतून चकचकीत कागद आणि नमदा लावला, बाहेरून पांढराशुभ्र रंग दिला, टपावरच्या सामानाच्या जाळीवर वाळ्याची ताटी बांधली आणि तिच्यावर थेंब थेंब पाणी पडेल अशी पिपाची सोय केली. गाडी लग्नाच्या मांडवासारखी दिसायला लागली. सप्टेंबर संपत आला तरी आत बसवेना. मग दिवाळी गेली, थंडी पडली, आणि इतके दिवस छळणारा उकाडा एका आठवड्यात आपोआप निघून गेला. काकाजी त्या ताटीकडे बघून म्हणाले, "हे अगोदर सांगाचं ना!" कुणाला म्हणाले कुणास ठाऊक.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी एकोणतीसचा पाढा ओठातल्या ओठात म्हटला, उलटासुलटा, मधे सदतीस घुसवून. काकाजींनी एकही आकडा चुकवला नाही. शंभरपैकी शंभर गुण मी आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा दिले.

दुसऱ्या सकाळी दोघं निघाली. मी दारात उभी होते. काकू मागच्या सीटवर, डोक्यावर पदर, अंगावर शाल. गाडी रस्त्याला लागली तरी कुणी वळून पाहिलं नाही, कारण आवाजच नव्हता. संध्याकाळी टकटक झालं. काकाजी दारात. नाक लाल.

"आयकू आलं," एवढंच म्हणाले.

"काय म्हणाल्या काकू?"

"शेजारच्या म्हशीचं सांगत होती." आणि हा माणूस हसला हो! तीन वर्षांत पहिल्यांदा दात दिसले मला.

त्या हिवाळ्यात गाडी दर दोन दिवसांनी निघायची. कधी नवेगावपर्यंत, कधी नुसती फाटकापुढे चार-पाच किलोमीटर. काकू बारीक होत गेल्या, पण परतताना गाल लाल असायचे. मी एकदा विचारलं, एवढं काय बोलता? पाटीवर लिहून दिलं, "उरलेलं."

फेब्रुवारी संपता संपता कुजबुजही गेली. गोंदियाच्या दवाखान्यात ठेवलं. शाळेतून रजा काढून मी सोबत होते. शेवटच्या दुपारी काकूंची नजर सारखी काकाजींवर होती, ओठ हलत होते. काकाजींनी डावा कान अगदी ओठांपाशी नेला. काही नाही, नुसती वाफ. मग त्यांनी पाटी धरली आणि काकूंच्या बोटांत पेन्सिल दिली.

"सांगाचं हाये का काही?"

काकूंनी वेळ घेऊन लिहिलं. अक्षर वेडंवाकडं होतं, पण मी शिक्षिका आहे, मला वाचता येतं. "गाडीत सांगीन."

दिवे लागायच्या आत त्या गेल्या.

घरी आणलं ते त्याच गाडीतून. दुसरी गाडी काकाजींनी करू दिली नाही. मागच्या सीटवर मी, काकूंचं डोकं माझ्या मांडीवर. काचा बंद. रस्त्याचा आवाज नाही, इंजिनाचा नाही. माझ्या मनगटावरचं घड्याळ मला गोरेगावपासून अर्जुनीपर्यंत ऐकू येत होतं. काकाजींची मान सगळा रस्ता डावीकडे, त्या रिकाम्या सीटकडे कललेली. फाटक आलं. उघडं होतं, आगगाडी यायची नव्हती. तरी काकाजींनी त्याच्या अलीकडे ब्रेक लावला आणि थांबले. आधी मला कळलं नाही. मग कळलं. परतताना काकू इथं उतरून मागे यायच्या. आज त्या मागेच होत्या. काकाजींनी ते आरशात पाहिलं आणि गियर टाकला.

पुढचे दोन महिने ते एकटेच गाडी घेऊन जायचे आणि यायचे. एका रविवारी माझ्याकडे आले. "मॅडम, बसता का? पाढा नका म्हनू. काहीच नका म्हनू." मी बसले. नवेगावपर्यंत गेलो आणि आलो. उतरताना ते म्हणाले, "लय साफ आयकू येते. काहीच नाही हाये, हे बी साफ आयकू येते." मी घरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भंडाऱ्याला गेले. जूनमध्ये परत आले तर कुंपणापाशी ढीग पडलेला. नमदे, बारदाना, डांबरी पट्ट्या, रबर, भट्टीची दोरी, सगळं उचकटून टाकलेलं. घराला कुलूप. सामान खोलीत टाकलं न टाकलं तोच नवेगावच्या जंगलाकडून ती जुनी घरघर ऐकू आली. पत्रा, दारं, रस्ता, सगळं एकदम. काय करतेय हे कळायच्या आत मी चहाचं आधण ठेवलं होतं.

काकाजी आले, घामानं चिंब. चपलेचा तळ वितळलेला. कप हातात देता देता माझा पारा चढला. "तीन वर्षं, काकाजी! काकूंसाठी केलेलं सगळं काम! काऊन केलं असं? डोकं फिरलं का?"

त्यांनी चहा संपवला. कपावर पेर वाजवलं, डावा कान पुढे केला.

"गप गाडीत समजते, मॅडम, का कोनी बोलून नाही राहिलं. आता आवाज हाये तं कसं वाटते, का ते सांगून राहिली असन. मलेच आयकू नाही येऊन राहिलं."

मी तोंड फिरवलं आणि रडले. कुणासमोर न रडणारी बाई मी, त्यांच्यासमोर हमसून हमसून रडले. ते कप विसळून पालथा घालून गेले.

मी अर्जुनी सोडली ती दोन हजार अकरात, निवृत्त होऊन. बस फाटकापाशी अडली होती. मालगाडी जाऊन फाटक उघडलं तेव्हा आमच्या पुढे दह्याच्या रंगाची ती गाडी निघाली. फाटक ओलांडून कडेला थांबली. काकाजी वाकले आणि डावीकडचं पुढचं दार उघडलं. एका बाईला मागून उतरून, लुगडं सावरून पुढे येऊन बसायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ दार उघडं होतं. आमच्या बसवाल्यानं हॉर्न दिला. काकाजींनी दार ओढून घेतलं, मान डावीकडे कलती केली, आणि गाडी खडखडत नवेगावच्या रस्त्यानं निघून गेली.